विलायतेचे ऐंशी मैल

शुक्रवार, १३ एप्रिल १९७३

पैसे भरून चालायचं म्हणे! आज मरियमचं पत्र आलं. यांच्या नावे, नेहमीसारखंच. यांनी जेवता जेवता मोठ्यानं वाचलं. मी ऐकत नव्हते, भाकरी थापत होते. पण कान काय झाकता येतात?

तिकडे विलायतेत म्हणे एक मंडळी आहे, ती लोकांना चालायला नेते. आठ दिवस, ऐंशी मैल, टेकड्याटेकड्यांवरून. शेवटी समुद्र. पुढे वाटाड्या, तीही बाई! गळ्यात शिटी अडकवून. मागे मेंढरांसारखी वीस माणसं. कुरणं येतात, कुंपणं येतात, कुंपणावरून चढून उतरायला लाकडी पायऱ्या असतात, असलं सगळं कौतुकानं लिहिलंय. मरियम आणि तिच्या हॉस्पिटलातल्या दोन नर्सा जाणार. वर्षभराची रजा साठवून! वॉर्डात उभं राहून पाय मोडून येतात असं लिहिणारी ती हीच ना? मग रजेत पाय वर करून पड की.

आणि सामान? ते मोटारीतून पुढच्या मुक्कामाला जातं. मोटार जातेच आहे तर माणसांनी तीत बसायला काय झालं? शहाणं माणूस असेल ते मोटारीतच बसेल.

इस्राएल लोक रानात चाळीस वर्षं चालले, ते हौसेनं नव्हे.

शेवटी ठरलेलं वाक्य— 'आईला माझा सलाम.' हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "तुझाही सलाम लिहू का?" म्हटलं, भाकरी निवतेय, जेवा.

शनिवार, १४ एप्रिल

यांचं डोकं फिरलंय. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "मीपण चालणार तिच्याबरोबर."

मला वाटलं विलायतेला निघाले! पेन्शनीवर! तसं नाही. ती तिकडे ज्या दिवशी जितके मैल चालेल, त्या दिवशी तितके मैल हे इथे सावेडीतून चालणार. "पोर एकटी नको पडायला." वीस माणसं आहेत तिच्याबरोबर, एकटी कशी? "मैल सगळीकडे सारखेच असतात," म्हणे. साठ वर्षांचं वय, अंगात साखर, वर मे महिना. आणि दुष्काळ असा की विहिरीत कावळा उतरून कोरडा वर येतो. तसंच एअरलेटर लिहून टाकून आले.

मी मध्ये पडणार नाही. जुलैत दोन वर्षं होतील. चर्चमध्ये दोन रविवार तिच्या लग्नाची पुकार झाली होती. बेलापूरचा मुलगा, मास्तर, घरचे लोक उपासनेला न चुकता येणारे. तिसऱ्या रविवारी पुकार झाली की लग्नाला मोकळीक. त्याआधीच्या गुरुवारी बाई मुंबईला! नोकरीचा कागद, विमानाचं तिकीट, सगळं तयार. यांना ठाऊक होतं. मला नाही. रविवारी पाळकसाहेब नावं वाचताना आमचं नाव गाळून पुढे गेले, आणि सारं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं.

त्या दिवशी म्हटलं होतं, माझ्या हातचं एक अक्षर तिला जाणार नाही. गेलेलं नाही.

शुक्रवार, २० एप्रिल

उत्तम शुक्रवार. तीन तासांची उपासना. प्रभूच्या दुःखसहनाचं वचन चाललेलं आणि हे बाकाखाली हळूच स्वतःच्या पोटऱ्या दाबताहेत! सकाळी 'सराव' करून आले होते.

मंगळवार, ८ मे

तिचं उत्तर आलं. 'पपा माझ्याबरोबर चालणार हे वाचून मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले.' रडेल नाहीतर काय. रडायला काय जातं? सोबत छापील कागद. आठ दिवसांचे मैल नऊ, अकरा, दहा, बारा, आठ, दहा, अकरा, नऊ. जिथे डबा खायचा ती जागासुद्धा छापलेली!

यांनी कॅनव्हासचे बूट आणले. घरात रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी गिळतोय आणि पायात पांढरे बूट. कागद भिंतीवर चिकटवला, प्रभूच्या चित्राशेजारी. मी तिथून काढून दाराआड लावला.

रस्त्याकडेच्या दगडांवर आता किलोमीटर, तिच्या कागदावर मैल. यांना ते जुळवता येईना. पाचाला आठ, एवढं साधं! मराठी शाळेत पस्तीस वर्षं पोरांना काय शिकवलं देव जाणे. शेवटी मीच हिशेबाच्या वहीत मांडून दिलं. कुणीतरी नीट लिहायला हवं म्हणून. बाकी माझा संबंध नाही.

शनिवार, १२ मे

आज पहिला दिवस. मला वाटलं, हे पहाटे जातील आणि उन्हाच्या आत येतील. पण पहाटे हे अंथरुणात! "ती नऊला निघणार. तिकडचे नऊ म्हणजे आपले दीड. ती निघेल तेव्हा मी निघणार."

दुपारी दीड! नगरचा मे! कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला जीभ टाकून पडतात त्या वेळेला. शेजारच्या छबूबाई खिडकीतून ओरडल्या, "मास्तर, काय झालं? कोण गेलं का?" एवढ्या उन्हात बाहेर पडतं माणूस ते मयतालाच. हे हात हलवून हसत गेले.

साडेसहाला आले. तोंड बीटासारखं. डोक्यावर ओला पंचा, तळपायाला कांदा, दोन पेले बिनसाखरेचं पन्हं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य— "नऊ झाले बरं का, लिही."

म्हटलं, उद्यापासून पहाटे पाचला जाणार असाल तरच लिहिते. देवाच्या दरबारी सावेडीचं आणि विलायतेचं घड्याळ एकच आहे. ऐकलं. शाई वाळेपर्यंत वहीकडे बघत बसले होते.

रविवार, १३ मे

विश्रामवार! मी बजावलं होतं, देवाच्या दिवशी असले खेळ नकोत. हे म्हणाले, चर्चला चालत जाणं पाप नाही ना? मग भिंगारला वळसा घालून चर्चला आले. सहा मैल! दुसऱ्या गीताला पोचले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. येतानाही वळसा. अकरा भरले. पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "शांतवनराव, काही नवस-बिवस का?" आपल्यात नवस! मला भुईत शिरावंसं वाटलं.

मंगळवार, १५ मे

बारा मैल. मनमाड रस्त्यानं विळदच्या बाजूला गेले होते. तिथे दुष्काळी कामावर बाया खडी फोडतात. त्यांना म्हणे हे रोजचे झालेत. निंबळकच्या पलीकडून येणारी कोणी चांगुणा आहे, तिनं आज हाक मारली, "मास्तर, कुठवर गेली वो तुमची इलायत?" हे सांगत बसले. निम्म्याच्या वर आली, आता उतार आहे, मग नदी आहे. ती म्हणाली, "तिकडं नदीला पानी हाय का? मंग हंडाभर घिऊन या!" सगळ्या हसल्या. हेही हसले. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसले.

त्या बाया तीन कोस चालून येतात, दिवसभर दगड फोडतात आणि तीन कोस चालून जातात. त्यांना कुणी शिटी वाजवून नेत नाही. हे त्यांच्यासमोर पांढरे बूट घालून मिरवतात!

संध्याकाळी बूट काढताना डावा पाय जरा जपून काढला. विचारलं तर म्हणाले, "खडा गेला असेल."

बुधवार, १६ मे

खडा!

आठ मैल करून आले ते दारातच बसले. बूट काढला तर मोजा तळव्याला चिकटलेला. फोड कधी आला, कधी फुटला, यांना पत्ता नाही. साखरेनं पायाला कळच राहिलेली नाही. टांगा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर झाडलं— "मास्तर, आणखी चार दिवस चालला असतात तर पाय कापावा लागला असता." पंधरा दिवस जमिनीला पाय लावायचा नाही. रोज पट्टी.

आणि हे? घरी येताना टांग्यात म्हणतात, "पन्नास झाले. तीस राहिले."

मी बोलले असते तर टांगेवाल्यानं ऐकलं असतं.

गुरुवार, १७ मे

पहाटे भांडं पडल्याचा आवाज आला. उठून बघते तर हे दारात! एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी, हातात माझी छत्री काठी म्हणून. मी दार अडवलं. म्हटलं, वेड लागलं का? पाय कापायचाय का?

तर रडायला लागले. पस्तीस वर्षांच्या संसारात दोनदा पाहिले मी यांना रडताना. एकदा यांची आई गेली तेव्हा. एकदा त्या गुरुवारी, मुंबईची गाडी गेल्यावर. "मी बरोबर आहे असं लिहिलंय तिला. ती आत्ता त्याच भरवशावर चालतेय."

म्हटलं, बसा. मी जाते.

तोंडातून निघून गेलं. पण माघार घ्यायची माझी रीत नाही. आणि मी गेले नसते तर हे गेले असते, एवढंच. बाकी काही नाही. छबूबाईंना यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, लुगडं वर खोचलं, चपला, छत्री, अर्धी भाकरी. दहा मैल. पाच जाताना, पाच येताना.

पहिले दोन मैल मनातल्या मनात विलायतेला शिव्या. मग शिव्या संपल्या. मग नुसतं चालणं. काय असतं त्यात? काही नसतं. बाभळी, धूळ, मेलेल्या बैलाची हाडं, पाण्याच्या टँकरमागं पळणारी माणसं. याच्यासाठी लोक पैसे भरतात!

खडीच्या ढिगापाशी एकीनं हातोडा थांबवला. "मास्तरीणबाई का तुमी? मास्तर कुठं हायेत?" हीच चांगुणा. सांगितलं पायाचं. "मंग तुमी पोरीसाठी चालताय व्हय," म्हणाली. म्हटलं, मी मास्तरांसाठी चालतेय. "मास्तर म्हनत हुते, तुमी तिला पत्तर लिव्हत न्हाई."

घरातलं सगळं रस्त्यावर सांगून ठेवलंय यांनी! मी म्हटलं, तुझं काम कर. तिनं हातोडा उचलला, पण बोलायची थांबली नाही. "माझी लेक नेवाशाकडं दिली. दोन सालं तोंड न्हाई बघितलं. मला लिव्हता आलं असतं तर ह्या दगडावर लिव्हलं असतं बाई. तुमी तर शिकल्याल्या!"

अडाणी बाई. तिला काय कळतं पुकार म्हणजे काय ते. मी मॅट्रिक आहे, मला रस्त्यावरची खडी फोडणारी शिकवणार!

येताना तिच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १८ मे

अकरा. टाचा भेगाळल्या. चांगुणाला चार कैऱ्या दिल्या. घरात सुकतच चालल्या होत्या.

आज एका दगडावर बसले असताना मरियम चार वर्षांची असतानाचं काही आठवलं. तिच्या पायांचं. लिहीत नाही.

शनिवार, १९ मे

शेवटचा दिवस. नऊ मैल. यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, शेवट चांदबिबीच्या महालावर. तिकडे समुद्र, आपल्याकडे निदान उंची तरी! जाताना पायी, येताना पाथर्डीकडून येणारी एसटी. रात्री पडल्या पडल्या सूचना— "वर गेल्यावर पश्चिमेला तोंड कर. ती तिकडे आहे." म्हटलं, मी चालायला जातेय, टपाल टाकायला नाही.

डोंगर चढताना दम लागला. त्रेपन्न वर्षांची बाई, एकटी, छत्री घेऊन! दोन गुराखी थांबून बघत होते. मागून "येडी हाय का रं ही?" स्पष्ट ऐकू आलं. मलाही तेच वाटत होतं.

वर वारा होता. सगळं नगर खाली, उन्हात भाजलेल्या पापडासारखं. नऊ वाजले असतील. म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. झोपलेली असणार. तरी पश्चिमेला तोंड केलं. यांनी विचारलं तर खोटं सांगता येत नाही म्हणून. रोजची प्रार्थना केली, एक वाक्य जास्त. ते वाक्य माझं आणि देवाचं.

घरी आले तर हे पलंगावर ताठ बसलेले. "पोचलीस?" म्हटलं, पोचले, आणि कृपा करा, पुन्हा कधी विलायतेला नेऊ नका. हिशेबाची वही मागून घेतली, ऐंशीखाली स्वतः दोन रेघा मारल्या. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "तिघं मिळून चाललो गं." मी चहा टाकायला उठले.

रविवार, २० मे

चर्चला टांग्यानं. पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, लंगडता?"

बुधवार, २३ मे

दुपारी टपाल. निळं एअरलेटर नाही, बंद पाकीट. वर माझं नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या अक्षरात माझं नाव. हे झोपले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उघडलं. तेराची तारीख.

'आई, पहिल्याच दिवशी, तिसऱ्या मैलावर, कुंपणाच्या लाकडी पायऱ्या उतरताना माझा पाय मुरगळला. खूप सुजलाय. चालता येत नाही. वाटाड्या बाईनं मला सामानाच्या मोटारीत बसवलं. आता रोज मी ट्रंकांमध्ये बसून मुक्कामाला जाणार आणि खिडकीतून सगळ्यांची वाट बघणार. पपांना सांगायचं धैर्य होत नाही. ते माझ्यासाठी उन्हात चालत असतील. त्यांना कळवायचं की नाही ते तू ठरव. तू ठरवलेलं चुकत नाही. एकदाच चुकलं होतं. आणि रोज पपांचे तळवे बघ, त्यांना फोड आलेला कळायचा नाही.' खाली, 'तुला सलाम.'

तीन मैल! ऐंशीपैकी तीन! मी ही वही मागे उलटून पाहिली. शहाणं माणूस असेल ते मोटारीतच बसेल, माझ्याच अक्षरात लिहिलंय. म्हणजे विलायतेत चाललं नाहीच कुणी. चाललं ते सावेडीत!

इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला. मग हसू थांबलं तरी पदर काढता येईना. चुलीपाशी तशीच बसून राहिले. ट्रंकांमध्ये बसलेली. खिडकीत बसलेली. एकटी.

'एकदाच चुकलं होतं' म्हणे! जीभ तशीच आहे, तसूभर लहान नाही झाली.

संध्याकाळी यांनी विचारलं, "पोचल्याचं पत्र कसं नाही आलं अजून?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "एवढं चालून दमली असेल."

मी बोलले हे. मी, जिनं किराणा दुकानदाराशीही कधी खोटं केलं नाही. देवा, हे तुझ्या वहीत लिही, पण यांना वाचू देऊ नकोस. ही वही आजपासून माझ्या ट्रंकेत, लुगड्यांखाली.

गुरुवार, २४ मे

पोस्टातून एअरलेटर आणलं. सुरुवात करायलाच तासभर गेला. मग लिहिलं— पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेव, पपांचा पाय भरतोय, तुझे सगळे मैल इथे पूर्ण झालेत, उगाच पुन्हा चालायला जाऊ नकोस.

"कुणाला लिहितेस गं?" यांनी पलंगावरून विचारलं.

"बेअक्कल लोकांना," म्हटलं. आणि खाली सलाम लिहिला.